स्पेनच्या डब्यातली मौली

आमच्या घरात परदेशी माल पहिल्यांदा आला तो रिकामा आला.

बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात दफ्तरी होते. फायली बांधायच्या, सोडायच्या, या खोलीतून त्या खोलीत न्यायच्या, हे त्यांचं काम. आर. के. पुरमला एका खोलीचं सरकारी क्वार्टर आणि आम्ही पाच माणसं. महिना संपत आला की आई वरणात पाणी वाढवायची. आम्हाला ते कळायचं आणि आम्ही गप्प जेवायचो. एकदा बाबांच्या साहेबांकडचा स्पॅनिश ऑलिव्ह तेलाचा डबा संपला, तो बाईसाहेबांनी बाबांना देऊन टाकला. आईने त्याचं वरचं झाकण कापून घेतलं, कडा ठोकून घेतल्या आणि त्यात मोहरी भरली. हिरवा-सोनेरी डबा, त्यावर फळांनी लगडलेली फांदी. आमच्या फळीवर दिसायला बरी अशी ती एकच वस्तू. शेजारच्या काकू चिडवायच्या, "काय वहिनी, मोहरीसुद्धा फॉरेनची?" आई म्हणायची, "मोहरी इथलीच. कपडे तेवढे फॉरेनचे."

बाबा ज्या फायली वाहायचे त्यांत बाहेरून येणाऱ्या मालावर किती शुल्क लावायचं याची चर्चा असायची. बाबांना इंग्रजी वाचता यायचं नाही. ते म्हणायचे, "फाईल जड झाली की समजावं, आत भांडण चाललंय."

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. दिवसा टायपिंग, संध्याकाळी कॉलेज. पुढे परीक्षा देऊन दिल्ली पोलिसात सब-इन्स्पेक्टर झालो. हे मिरवायला सांगत नाही असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर थोडं मिरवायलाच सांगतोय.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेच आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे तेलाचं प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. त्यात कुणाचा जीव गेला नाही, गोळी सुटली नाही. तरी सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त अभिमान याच तपासाचा वाटतो. नावं कुणाचीच लिहीत नाही. ज्यांची आहेत त्यांना ती माहीत आहेत.

उदारीकरणाची ती सुरुवातीची वर्षं. गुडगावात शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या. पुण्या-मुंबईहून कंपन्यांची माणसं येत होती. दक्षिण दिल्लीत आमच्या ठाण्याच्या हद्दीत एक बाजार होता. जिथे पूर्वी डालडा आणि साबण मिळायचा, तिथे आता पास्ता, चीज, काळे ऑलिव्ह मांडलेले दिसायचे. प्रत्येक बजेटच्या आधी एकच चर्चा: परदेशी खाद्यपदार्थांवरचं शुल्क कमी होणार की नाही? हॉटेलवाले म्हणायचे कमी करा. इथले कारखानदार म्हणायचे खबरदार.

कारखानदारांच्या एका संघटनेचे अध्यक्ष आमच्याच हद्दीत राहायचे. दिल्लीत अशा माणसाला सगळे प्रधानजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. फरीदाबादला त्यांचा लोणच्या-मुरंब्याचा कारखाना होता. अंगात खादी, कपाळाला टिळा, आवाज खणखणीत. बजेट जवळ आलं की त्यांचं धरणं ठरलेलं आणि आमचा बंदोबस्त ठरलेला. "विदेशी तेल की एक बूँद भी देशी चूल्हे का अपमान है," असं ते माईकवरून म्हणायचे. धरणं संपलं की बंदोबस्तावरच्या शिपायांना स्वतःच्या हाताने चहा द्यायचे. माणूस चांगला असावा असं मलाही वाटायचं.

त्या थंडीत, दिवाळीनंतर काही आठवड्यांनी, प्रधानजी स्वतः ठाण्यात आले. ठाणेदारांच्या खोलीत बसले आणि मला बोलावणं आलं.

"बेटा, तुम्हारे बाज़ार में तस्करी का तेल बिक रहा है," ते मला म्हणाले. "स्पेन का माल, ड्यूटी एक पैसे की नहीं भरी. सरकार लुट रही है और हम देशी लोग मर रहे हैं."

त्यांनी दुकान सांगितलं, माल कोणत्या फळीवर आहे तेही सांगितलं. ठाणेदार म्हणाले, लगेच जा.

मी ठाण्याच्या रोजनाम्यात निघाल्याची नोंद टाकली आणि हवालदार, एक महिला शिपाई आणि जीप घेऊन निघालो. हा हवालदार बल्लभगढच्या बाजूचा जाट. नोकरीत माझ्याहून जुना आणि जिभेने तिखट. बाजारात पोहोचलो तर दुकानासमोर एक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आधीच उभा होता.

"जनाब," हवालदार माझ्या कानाशी लागला, "म्हारे से पहलां अखबार पोंहच लिया. छापा म्हारा सै के इसका?"

ते वाक्य मी तिथेच मनात बांधून ठेवलं. इतक्या वर्षांत एक गोष्ट पाहिली होती. खबर देणारा माणूस खबर देतो आणि मागे सरतो. त्याला आपलं नाव नको असतं. हा माणूस पुढे सरत होता.

दुकान एका पंजाबी बाईंचं. चाळिशी ओलांडलेली, सलवार-कमीजवर पुरुषी स्वेटर, चष्मा साखळीला. नवरा गेल्यावर सासरच्यांनी दुकान विकायला सांगितलं होतं. ते त्यांनी विकलं नाही, बदललं. साबण काढले, ऑलिव्ह मांडले. त्या बाजारात परदेशी जिन्नस पहिल्यांदा त्यांनीच आणले आणि बंगल्यांतल्या मेमसाहेब गाड्या थांबवून त्यांना पाककृती विचारायच्या. प्रधानजींनी सांगितलेल्या फळीवर स्पॅनिश ऑलिव्ह तेलाचे डबे रांगेने होते. शुल्क भरल्याचा कागद बाईंकडे नव्हता. त्यांनी माल एका सेल्समनकडून घेतला होता. त्या सेल्समनने दिलेल्या नंबरवर छाप्याच्या दिवसापासून कुणी फोन उचलेना.

पंचनामा झाला, डबे जप्त झाले, दुकानाला सील लागलं. फोटोग्राफरने बाईंचा फोटो काढला तेव्हा त्यांनी तोंड लपवलं नाही. उलट चष्मा नीट केला.

दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. तिसऱ्या परिच्छेदात प्रधानजी म्हणत होते की शुल्क कमी करायची भाषा सोडा, आधी ही तस्करी थांबवा.

चौकशीला बाई दिवसाउजेडी आल्या. महिला शिपाई शेजारी बसवून मी प्रश्न विचारले. त्या कुठल्या अडचणीत आहेत ते त्यांना नीट समजावून सांगितलं. माल परदेशी ठरला की प्रकरण कस्टम्सकडे जाणार. शुल्क भरल्याचा पुरावा त्यांच्याकडेच मागणार, आणि तो त्यांच्याकडे नाही. मग अटक, खटला आणि दुकान कायमचं गेलं.

"तो सेल्समन पुन्हा आला होता का? काही बोलणं झालं होतं?" मी हिंदीतच विचारलं.

"दिवाली के बाद आया था. मैंने साफ़ कह दिया, इस बजट में ड्यूटी घटी तो मैं सीधे इम्पोर्टर से माल लूँगी, तुम्हारी छुट्टी." त्यांनी हात झटकला. "उसका मुँह ऐसे उतर गया जैसे मैंने रिश्ता तोड़ दिया हो."

"मॅडम, हा माल खोटा असेल असं कधी वाटलं नाही?"

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "देखो भाईसाहब, स्मगलर कहना है तो कह लो. जेल भेजना है, भेज दो. पर यह मत कहना कि मैं नक़ली माल बेचती हूँ. बच्चों की मालिश के लिए लोग मुझसे तेल ले जाते हैं."

महिला शिपाई हसू दाबत होती. मला हसू आलं नाही. तुरुंगाला न घाबरणारी बाई एका शब्दाला घाबरत होती. असा माणूस खोटं बोलत नाही, असं माझं मत झालं. पण मत म्हणजे पुरावा नव्हे. नमुना प्रयोगशाळेकडे पाठवला होता आणि तिथला अहवाल कधी येईल ते तेव्हा देवालाही सांगता आलं नसतं. वरून रोज विचारणा येत होती, कस्टम्सकडे कधी देताय?

मालखाना म्हणजे जप्त मुद्देमाल ठेवायची खोली. आमच्या मालखान्याचा मुन्शी एक दिवस शिव्या देत बाहेर आला. तेलाचा एक डबा गळत होता आणि चोरीच्या सायकलींच्या सीटांवर तेल सांडलं होतं.

"ये विलायती माल है जनाब? इससे अच्छा तो हमारे गाँव का पीपा!"

तो गेला डबा पुसायला आणि मी जागच्या जागी थांबलो. डोळ्यांपुढे आमच्या घरची फळी आली. आई तो मोहरीचा डबा दर सणाला राखेने घासायची, पाण्यात उभा करून ठेवायची. वरचं झाकण कापलेलं होतं, पण तळ मूळचाच होता. इतक्या वर्षांत त्या तळाच्या दुमडीतून थेंबभर पाणी कधी आत गेलं नाही. मोहरी कायम कोरडी. आणि हा नवाकोरा डबा पडल्या जागी गळतो?

मी मुन्शीच्या हातातून डबा घेतला आणि व्हरांड्यात उन्हात आणला. झाकण आणि डबा जिथे यंत्राने एकत्र दुमडतात त्या कडेला बोट फिरवलं. एका जागी बोटाला काहीतरी लागलं. नखाने उचकटायला गेलो तर ते येईना. दोन पत्र्यांच्या मध्ये पक्कं चिणलेलं, बाहेर जेमतेम नखाएवढं. तेलाने भिजलेला धागा. अर्धा लाल, अर्धा पिवळा.

समोर आमची जीप उभी होती. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे विश्वकर्म्याची पूजा असते. कारागीर त्या दिवशी यंत्र चालवत नाही. त्याला टिळा लावतो, त्याला लाल-पिवळा दोरा बांधतो. त्या दोऱ्याला इथे मौली म्हणतात, आपल्या पूजेतली नाडाछडी तीच. आमच्या ड्रायव्हरनेही जीपच्या स्टिअरिंगला बांधली होती आणि तिचे धागे सुटून लोंबत होते.

मी हवालदाराला हाक मारली. डबा पुढे केला. "हे काय आहे?"

त्याने डोळे बारीक केले. "जनाब, यो तो मौली सै."

"डब्यावर काय लिहिलंय?"

"स्पेन."

त्याने डब्यावरची अक्षरं पुन्हा वाचली. मग तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "हो सकै सै जनाब, स्पेन में भी बिसकरमा पूजते हों."

त्या दिवशी मालखान्यात आम्ही एकेक डबा उन्हात फिरवून पाहिला. आणखी काही डब्यांच्या दुमडीत तसेच तुकडे निघाले. धागा नंतर आत घालता येत नाही. झाकण बसवतानाच तो तिथे असावा लागतो. म्हणजे झाकण बसवणाऱ्या यंत्राला मौली बांधलेली होती, ती झिजून सुटत होती आणि तिचे धागे झाकणांखाली जात होते. डबे सीलबंद झाले होते ते स्पेनमध्ये नव्हे, हात जोडून यंत्राला नमस्कार करणाऱ्या माणसांच्या देशात. तस्करी झालीच नव्हती. जे समुद्र ओलांडून आलंच नाही त्यावर शुल्क कसलं?

बाईंना बोलावून धागा दाखवला. त्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "मौलीवाले ये डब्बे तो दिवाली के बाद वाली खेप के हैं. भाईदूज पर गिफ़्ट की टोकरियों के लिए मैंने माल माँगा था. बोला, दो दिन कुछ नहीं हो सकता. मैंने पूछा भी, जहाज़ को कौन-सी दिवाली?" चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "तो मैं नक़ली ही बेच रही थी."

"मॅडम, तुम्हाला फसवलं गेलं," मी म्हटलं. "आता फसवणारा शोधायला मदत करा."

गुडगावच्या एका नव्या सोसायटीत त्यांच्या नणंदेचं दुकान होतं. तीही फोन करून त्याच सेल्समनकडून माल मागवायची. फक्त अडचण अशी की दुकान विकण्यावरून भांडण झाल्यापासून नणंद-भावजयीत बोलणं नव्हतं. बाई म्हणाल्या, "चलो. जेल से तो ननद अच्छी."

नणंदेने दार उघडलं, भावजयीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "अख़बार में फोटो अच्छी आई है भाभी."

"चष्मा ठीक किया था ना, इसलिए," बाई म्हणाल्या. तिथून पुढे दोघींचं सूत जुळायला चहाचा एक कप पुरला.

नणंदेकडे सेल्समनचा दुसरा फोन नंबर होता. तिने तो लावला आणि डबे मागवले. भाव ऐकला आणि लगेच "ठीक है" म्हणणार इतक्यात बाईंनी तिचा दंड पकडला. "पागल है? भाव तोड़! रोज़ तोड़ती है, आज नहीं तोड़ेगी तो समझ जाएगा." माझ्या मनात तेच होतं. माणूस सवय सोडतो तेव्हाच समोरच्याला वास येतो. मग जी घासाघीस सुरू झाली ती ऐकून हवालदाराने कपाळाचा घाम पुसला. बाई कानात सांगत होत्या, नणंद फोनवर बोलत होती आणि पलीकडचा माणूस आपल्या मुलांची शपथ घेत होता. शेवटी माल ठरला.

व्हॅन आली, माल उतरवून परत निघाली. आम्ही साध्या कपड्यांत, हवालदाराच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या टेम्पोतून मागे. बदरपूरची हद्द ओलांडून व्हॅन फरीदाबादच्या एका औद्योगिक वसाहतीत शिरली आणि ज्या फाटकातून आत गेली त्यावरची पाटी वाचून हवालदाराने टेम्पो तसाच पुढे नेला. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, शुद्ध स्वदेशी अचार व मुरब्बा. मालकाचं नाव प्रधानजींचं.

पुढचं सगळं कायद्याने केलं. झडतीचं वॉरंट घेतलं. हरियाणाची हद्द, त्यामुळे स्थानिक ठाण्याला रीतसर कळवलं आणि त्यांची माणसं बरोबर घेतली. दिवस मुद्दाम धरण्याचा निवडला, कारण त्या दिवशी प्रधानजी आणि त्यांची सगळी खास माणसं दिल्लीत असणार होती. सकाळी कारखान्यात शिरलो. पुढच्या शेडमध्ये कैरीचं लोणचं होतं, खरंच उत्तम. मागच्या शेडमध्ये स्पेनचे सीलबंद डबे छतापर्यंत रचलेले आणि मधोमध झाकण बसवायचं यंत्र. त्यावर शेंदराचं स्वस्तिक, समोर विझलेली उदबत्ती आणि दांड्याला गुंडाळलेली मौली, धागे सुटलेली. मी धाग्याला हात लावला नाही. आधी फोटो घेतला, पंच बोलावले, मग ती काढून पाकिटात सील केली.

तिथून सरळ धरण्यावर गेलो. प्रधानजी व्यासपीठावर होते. त्यांनी उजव्या हातात स्पेनचा डबा उंच धरला होता. "यह देखो भाइयो! यही है वह तस्करी का ज़हर! ड्यूटी घटाओगे तो घर-घर में यही घुसेगा!"

शिपायांनी माझ्याकडे पाहिलं. हवालदार म्हणाला, "भाषण पूरा कर लेण दो जनाब. डब्बा खुद ही हाथ में उठा रख्या सै."

भाषण संपलं, टाळ्या झाल्या, हार पडले. प्रधानजी खाली उतरले तेव्हा मी पायऱ्यांशी उभा होतो.

"आओ बेटा," ते म्हणाले, "आज बंदोबस्त बढ़िया है."

"प्रधानजी, बंदोबस्त आपके लिए ही है," मी म्हटलं आणि त्यांच्या हातातला डबा आधी घेतला.

चौकशीत प्रधानजी डगमगले नाहीत. मागची शेड म्हणे भाड्याने दिली होती. भाडेकरू कोण, तो कुठे, माहीत नाही. डब्यांत काय, माहीत नाही. त्यांचा वकील बाहेर बसलेला. आणि एक गोष्ट आम्हा दोघांनाही पक्की ठाऊक होती. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. मला त्यांचे शब्द नको होते. तेल, रंग आणि छापील पत्रा मागच्या शेडमध्ये मिळाला नव्हता. तो कुठे आहे हे हवं होतं.

अंगाला हात लावणं मला कधीच पटलं नाही. त्याची गरजही नव्हती. मला बाई आठवल्या, आणि त्यांचं ते वाक्य.

मी फाईल बंद केली. "बरं प्रधानजी. तुम्ही म्हणता तेच मान्य करतो. तुमच्या गोदामात इतका परदेशी माल सापडला आणि शुल्काचा कागद एकही नाही. म्हणजे तुम्ही या शहरातले सर्वांत मोठे तस्कर. मी आत्ताच कस्टम्सला फोन लावतो. फोटोग्राफरही बोलावतो, तुमच्या ओळखीचाच."

त्यांचा चेहरा लाल झाला. टेबलावर मूठ आपटून ते ओरडले, "तस्कर? मैं? चालीस साल खादी पहनी है मैंने! एक बूँद भी विदेशी नहीं है उसमें! एक बूँद भी नहीं!"

"कसं समजावं?"

"चलो मेरे साथ, दिखाता हूँ!"

वकिलाने आत यायचा प्रयत्न केला. प्रधानजींनीच त्याला हाताने बाजूला केलं. पंचांसमोर ते आम्हाला कारखान्यात, मुरंब्याच्या बरण्यांमागच्या एका बंद दाराशी घेऊन गेले. चावी त्यांच्याच जानव्याला होती. आत छापलेले पत्रे, हिरव्या रंगाचा पिंप आणि साध्या रिफाइंड तेलाचे ड्रम. "यह देखो," ते छाती पुढे काढून म्हणाले, "सब देशी है!" आपण काय केलं हे त्यांना कळलं तेव्हा हवालदार पत्रे मोजायला बसला होता. त्यांनी स्वतः दाखवून दिलेला माल. हा पुरावा कोर्टात टिकतो.

पुढे यथावकाश प्रयोगशाळेचा अहवालही आला. डब्यांत ऑलिव्हचा अंश नावालाही नव्हता.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. परदेशी चीज-तेलावर शुल्क किती असावं हे मी सांगू शकत नाही, ते मोठ्या माणसांचं काम. इथल्या कारखानदाराला आधार हवा हेही मला पटतं. त्या धरण्यात बसलेले बहुतेक लोक खरंच पोट जाळायला बसले होते आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण घोषणा कोण देतो यावर मी तेव्हापासून जात नाही. घोषणा खरी झाली तर कुणाचं दुकान चालेल, ते आधी पाहतो. शुल्क जितकं चढं, तितका खरा डबा महाग आणि दुर्मीळ, आणि तितकी प्रधानजींच्या डब्याला किंमत. शुल्क उतरलं असतं तर खरा माल फळीवर येऊन बसला असता आणि खोट्याला कुणी विचारलं नसतं. भिंत पडू नये म्हणून ते जिवाचं रान करत होते, आणि त्यासाठीच तस्करीच्या बातमीला त्यांनी आपलेच डबे आणि हातातून निसटू पाहणाऱ्या बाई पुढे केल्या. भिंतीच्या आत त्यांचीच चोरवाट होती.

दुसरी गोष्ट माणसांची. कोंडीत सापडलेल्या माणसापुढे दोन वाईट नावं ठेवा आणि तो कोणतं उचलतो ते बघा. बाई तस्कर म्हणवून घ्यायला तयार होत्या, पण गिऱ्हाईकाला खोटं दिलं हे त्यांना सहन होत नव्हतं. प्रधानजींना गिऱ्हाईकाला खोटं दिल्याचं काहीच वाटत नव्हतं, फक्त खादीवर डाग नको होता. कोण कुठल्या शब्दाला घाबरतो यावरून त्याचं घर कुठे आहे ते कळतं.

आणि तिसरी गोष्ट मौलीची. ज्या यंत्राने ते लोकांना फसवत होते, त्याचीच पूजा मनोभावे करत होते. ती पूजा खोटी नव्हती. म्हणून तर धागा इतका घट्ट बसला.

खटला चालला. मी साक्ष दिली. उलटतपासणीत वकिलाने विचारलं की एका धाग्यावरून तुम्ही स्पेन आणि फरीदाबाद यांतला फरक ओळखता काय? मी म्हटलं, "हो साहेब. आमच्या घरी स्पेनचा डबा आहे. तो गळत नाही." कोर्टात हशा पिकला. बाबा त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "फाईल जड होती रे."

शुल्क पुढे उतरलं, बाईंनी म्हटल्याप्रमाणे थेट आयातदाराकडून माल घ्यायला सुरुवात केली. खऱ्या तेलाचा पहिला डबा त्यांनी मला फुकट देऊ केला. मी पूर्ण किंमत दिली, पावती घेतली आणि तो आर. के. पुरमला आईच्या हातात ठेवला. आईने तो उलटा केला, तळाच्या दुमडीवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली.

प्रधानजींना शिक्षा झाली आणि वरच्या कोर्टात ती कायम राहिली. कारखान्याची मागची शेड बंद झाली. बाईंवरचा आरोप पूर्णपणे मागे घेतला गेला, दुकानाचं सील निघालं आणि ते दुकान आजही त्याच बाजारात उघडं आहे.